मुसक्या आवळल्यावर

गुहेत पाच गॉब्लिन होते. चार पडले आणि पाचव्याने हातातली वाकडी तलवार खाली टाकली. टेबलाभोवती क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या योद्ध्याने विचारलं, ‘‘आता ह्याचं काय करायचं?’’ त्या दिवशी डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, मी होतो. मी पुस्तक चाळू लागलो. पन्नास फूट दोर एका सुवर्णमुद्रेला मिळतो, बेड्या दोन मुद्रांना. बेडी तोडायची तर वीस पैलूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात आपली ताकद मिळवून वीस गाठावे लागतात. हे सगळं होतं. बांधलेल्या शत्रूला बरोबर घेऊन पुढची वाट कशी चालायची, याबद्दल मला काही सापडलं नाही. दहा मिनिटं चर्चा झाली आणि त्यांनी त्याला मारून टाकलं. मारणाऱ्यांत एक पुजारी होता, न्यायाची शपथ घेतलेला एक पॅलाडिनही होता. आणि ही पात्रं खेळणारी माणसं एरवी रस्त्यावरचं जखमी मांजर उचलून घरी आणणारी.

शत्रूला थांबवण्याचे इतके मार्ग ज्या खेळात आहेत, त्यात आम्ही शेवटी मारतोच का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. त्याचं बीज युद्धाच्या पटात आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढाईचे नियम 1971 चे, आणि नव्या खेळातल्या लढाईचा पाया तिथलाच. पटावरचं शिशाचं बाहुलं एक तर उभं असतं, नाहीतर उचलून पेटीत गेलेलं असतं. ही जन्मखूण या खेळावर आजही दिसते. प्रत्येक प्राण्याला हिट पॉइंट्स असतात. शंभरातला एक उरला तरी राक्षस पहिल्याइतक्याच जोराने मारतो, आणि शून्य झाला की कोसळतो. दुखावलेला, दमलेला, घाबरलेला, हात टेकलेला, असा कुणी या हिशेबात बसतच नाही. म्हणून शत्रूला जिवंत अडवण्याचा प्रत्येक नियम नंतर जोडलेल्या ठिगळासारखा वाटतो.

यातलं एक ठिगळ म्हणजे ग्रॅपल, झोंबी. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर लाल माती येते. कुस्तीत पकड हाच सगळा खेळ. ढाक, धोबीपछाड, एकेरी पट, कुठलाही डाव घ्या, समोरच्याची पाठ जमिनीला लावण्यासाठीच तो असतो. चितपट झाली की कुस्ती संपली; हरलेला उठतो, अंगावरची माती झटकतो. आमच्या टेबलावर नवा खेळाडू येतो तेव्हा पहिल्याच लढाईत म्हणतो, ‘‘मी त्याला पकडून खाली पाडतो.’’ आणि मला त्याला सांगावं लागतं की पकडल्याने इथे फारसं काही होत नाही.

किती होत नाही, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत साध्या गॉब्लिनला सात हिट पॉइंट्स असतात. पहिल्या पातळीच्या दणकट योद्ध्याने तलवार चालवली तर ती लागण्याची शक्यता 55 टक्के. लागली तर आठ पैलूंचा फासा टाकून त्यात तीन मिळवायचे. आठांपैकी पाच आकड्यांवर गॉब्लिन जागीच संपतो. त्याच योद्ध्याने त्याला पकडायचं ठरवलं तर जमण्याची शक्यता सुमारे 62 टक्के. म्हणजे पकडणं किंचित सोपंच. पण पकडल्यावर? गॉब्लिनला जागचं हलता येत नाही, एवढंच. त्याचा तलवारीचा हात मोकळा असतो आणि तो पकडणाऱ्याच्याच पोटात ती खुपसू शकतो, तीही कसल्याही अडचणीशिवाय. ज्याला दया दाखवली तोच पुढच्या क्षणी जीव घेईल, हे गणित कोणत्या खेळाडूच्या लक्षात येणार नाही?

आधीच्या आवृत्त्यांत दुखणं वेगळं होतं. 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नि:शस्त्र झटापटीसाठी शेकडेवारीची कोष्टकं होती, आणि ती इतकी गुंतागुंतीची की भल्याभल्यांनी ती पानं उलटून पुढे जाणं पसंत केलं. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत पकडायला जाणाऱ्याला आधी समोरच्याचा फुकटचा वार खावा लागे, मग स्पर्श साधावा लागे, मग दोघांनी फासे टाकायचे, मग पुढच्या खेपेला घट्ट जखडण्यासाठी पुन्हा. अर्धा तास त्यात जाई आणि बाकीचे खेळाडू चहा करायला उठत. 2024 च्या सुधारित नियमांत एक शहाणपणाचा बदल झाला: पकडला गेलेला प्राणी पकडणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणावर वार करू लागला तर त्याचा नेम बिघडतो. आता पकडणारा निदान आपल्या सोबत्यांची ढाल होतो. मला यापेक्षा ‘पाथफाइंडर’ या तशाच दुसऱ्या खेळाची 2019 ची दुसरी आवृत्ती जवळची वाटते. तिथे झोंबीचे चार निकाल लागतात. साधं यश मिळालं तर शत्रू अडकतो आणि त्याचा बचाव ढिला पडतो. दणदणीत यश मिळालं तर तो पुरता जखडला जातो; सुटायची धडपड सोडून त्याला वारसुद्धा करता येत नाही. आणि डाव साफ फसला तर पकडायला गेलेलाच पकडला जाऊ शकतो. आखाड्याच्या कडेला बसलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

हात अपुरे पडतात तिथे मंत्र येतात, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. ‘होल्ड पर्सन’ हा मंत्र मानवाकृती शत्रूला उभ्या जागी खिळवतो. नाव किती सौम्य: माणसाला धरून ठेवा. पण पाचव्या आवृत्तीत असा खिळलेला शत्रू पाच फुटांच्या आत असेल तर त्याच्यावर बसलेला प्रत्येक वार आपोआप ‘क्रिटिकल’ ठरतो, इजेचे फासे दुप्पट होतात. जादूगाराने धरून ठेवायचं, चोराने खंजीर चालवायचा, ही जोडी प्रत्येक टेबलावर पाठ असते. मंत्राला खेळाडू मनात ‘धरणं’ म्हणत नाहीत, ‘उघडं पाडणं’ म्हणतात. ‘वेब’चंही तेच. वीस फुटांच्या घनात कोळिष्टक पसरतं, आतले अडकतात, हलता येत नाही, नेम चुकतो. पण ते जाळं पेट घेतं असं नियमच सांगतो, आणि मग पलिता फेकण्याचा मोह कुणाला आवरत नाही. ‘एंटँगल’मध्ये वेली पायांना विळखा घालतात, त्या पेटत नाहीत, पण अडकलेल्यावर धनुर्धाऱ्यांचा नेम सहज बसतो. शत्रूचे हात बांधणं ही वधाची पूर्वतयारी होऊन बसते. जो आता काही करू शकत नाही त्याला मारणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात लाभाचं करून ठेवलं, तर बांधण्याचा अर्थच उलटतो.

इथे मला वाल्मीकींचा हनुमान आठवतो. इंद्रजित त्याला ब्रह्मास्त्राने बांधतो. मग उत्साही राक्षस धावत येतात आणि वरून सालींचे दोर आवळतात. दुसरं बंधन पडताच अस्त्राचं बंधन गळून पडतं, कारण ते इतर बंधनाबरोबर नांदत नाही. इंद्रजिताच्या हे लक्षात येतं. हनुमान मात्र सुटलो असं न दाखवता रावणासमोर जातो. नियम म्हणून हा मला फार मोलाचा वाटतो. बंधन हा एक करार आहे आणि त्यात भर घालणाऱ्याने तो मोडला, असा त्याचा अर्थ मी लावतो. ‘होल्ड पर्सन’ला हाच नियम लावून पाहा: खिळलेल्यावर वार पडला की मंत्र सुटला. असं झालं तर त्या मंत्राचं नाव खरं होईल.

उलट बाजूही सांगायला हवी. खेळाडूला जर शत्रूने खिळवलं, तर तो वीस-वीस मिनिटं नुसता बसून राहतो, आणि रविवारची एकच संध्याकाळ मोकळी असलेल्या माणसाला ते फार लागतं. सूत्रधाराचीही पंचाईत होते: चार महिने वाट पाहिलेला ड्रॅगन एका चुकलेल्या फाशाने दगड होतो. म्हणूनच पाचव्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना ‘लेजेंडरी रेझिस्टन्स’ दिलं, बहुतेकांना दिवसातून तीनदा. फासा फसला तरी ते म्हणू शकतात की फसला नाही. अडवणं कंटाळवाणं असतं या भीतीतून हे सगळं येतं, आणि ती भीती खोटी नाही.

आता पाचव्याच आवृत्तीतला एक नियम पाहा, जो मला बराच काळ कोड्यात टाकत होता. जवळून केलेल्या वाराने शत्रूचे हिट पॉइंट्स शून्यावर आले, तर मारणारा त्याच क्षणी ठरवू शकतो की याला मारायचं नाही, नुसतं बेशुद्ध करायचं. त्याची किंमत काही नाही. तिसऱ्या आवृत्तीत तलवारीने जीव न घेता मारायचं तर नेमातून चार वजा होत. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन होतात. इथे शून्य. अनुभवाचे गुणही कमी होत नाहीत, कारण सूत्रधाराच्या पुस्तकात पराभव म्हणजे मारणं, पळवून लावणं किंवा पकडणं असं स्वच्छ म्हटलेलं आहे. म्हणजे दया फुकट आहे. तरीही माझ्या टेबलावर वर्षभरात ती किती वेळा दाखवली गेली, हे मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो.

मग दोष आकड्यांचा नाही. ग्रॅपल महाग आहे म्हणून आम्ही मारतो, हे माझं जुनं उत्तर मला सोडून द्यावं लागलं. आम्ही मारतो, कारण जिवंत शत्रूला ‘नंतर’ असतं. तो एक ते चार तासांत शुद्धीवर येतो. त्याला खायला द्यावं लागतं, रात्री त्याच्यावर पहारा लागतो, तो बोलतो, त्याला नाव असतं. मेलेल्याच्या अंगावरून फक्त नाणी घ्यायची असतात. पुस्तकं शत्रूला पकडण्याच्या सहा सेकंदांवर पानंच्या पानं लिहितात आणि नंतरच्या सहा दिवसांबद्दल गप्प राहतात. जिथे नियम गप्प असतो तिथे खेळाडूला वाटतं की खेळही संपला.

गंमत अशी की या ‘नंतर’ची एक वाट त्याच युद्धपटाच्या वारशात होती. टॉम मोल्डव्हे यांनी 1981 मध्ये संपादित केलेल्या ‘बेसिक’ संचात प्रत्येक राक्षसाला मनोधैर्याचा आकडा आहे, दोनपासून बारापर्यंत. बाजूचा पहिला सोबती पडला की, आणि निम्मे पडले की, सूत्रधार दोन फासे टाकतो. बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर उरलेले पळतात किंवा शरण येतात. सांगाड्याचा आकडा बारा, तो कधीच ढळत नाही, आणि मेलेल्याला कसली भीती. साध्या गॉब्लिनचा सात. म्हणजे पहिला गॉब्लिन पडताच 36 पैकी 15 शक्यता अशा, की बाकीचे लढणं सोडतील. त्यासाठी ना दोर लागतो, ना मंत्र. पुढच्या आवृत्त्यांत हा नियम कडेला पडला, आणि त्याबरोबर शत्रूचा स्वतः थांबण्याचा हक्कही गेला, असं मी म्हणतो. ‘फेट’ या खेळात तो हक्क खेळाडूंनाही आहे: पुरतं हरण्याआधी हार मान्य करा, आणि आपल्या हरण्याच्या अटींत तुमचा शब्द राहील.

मला कुणी म्हणतं की गॉब्लिन खरा नाही, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. गॉब्लिन खरा नाही हे कबूल. पण निर्णय घेणारी माणसं खरी असतात, आणि तीन-तीन तास ती त्या निर्णयात बुडालेली असतात. मराठीत खेळायचा फासा आणि गळ्याचा फास हे एका घरचे शब्द आहेत, दोन्हींचा माग संस्कृतातल्या ‘पाश’ आणि ‘पाशक’ या जोडीकडे जातो. हातात फासा घेणारा कुणाला तरी बांधत असतोच.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या टेबलावर मी मनोधैर्याचे दोन फासे परत आणले आणि खिळलेल्यावर वार झाला की मंत्र सुटेल असं ठरवलं. पहिल्या दोन बैठकांत कुरकुर झाली. तिसऱ्या बैठकीत एका पुलावर गॉब्लिन शरण आला आणि त्यांनी त्याच्या मुसक्या आवळल्या. योद्ध्याने नाव विचारलं. माझ्याकडे नाव नव्हतं, मी तिथल्या तिथे एक दिलं. गाव तीन दिवसांवर होतं. दुसऱ्या रात्री पहाऱ्यावर पॅलाडिन होता, आणि गॉब्लिनने पाणी मागितलं. हात सोडल्याशिवाय त्याला पिता येईना. खेळाडू बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मी वाडगं त्याच्या तोंडाला लावतो. हळू.’’ फासे मधोमध पडलेले होते. ते उचलावेत असं ना त्याला सुचलं, ना मला.