सर्वांत जवळचें गांव कोणतें?

अनुवादाच्या 21व्या अध्यायांत एक विलक्षण नियम सांगितला आहे. रानांत एखाद्याचें प्रेत आढळलें व मारणारा कोण हें कळलें नाहीं, तर वडिलांनीं तेथें जाऊन सभोंवारच्या गांवांचें अंतर मोजावें. जें गांव सर्वांत जवळ ठरेल, त्या गांवच्या वडिलांनीं ओढ्याकाठीं कालवडीवर हात धुवावे, आणि हें रक्त आम्हीं सांडलें नाहीं व तें सांडतांना पाहिलेंहि नाहीं, असें देवासमोर सांगावें.

ज्यांनीं खून केला नाहीं त्यांस देवानें कां बोलाविलें? हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण मुंबईंतील खुनाची बातमी खेड्यांत पोहोंचते, तेव्हां ओसरीवर बसून आपण सहज म्हणतों कीं, तें शहरच पापी, आपलें गांव बरें. असें म्हणण्याआधीं आपण दोरी घेऊन अंतर मोजलें पाहिजे.

परळ, लालबाग, भायखळा, दादर या भागास लोक गिरणगांव म्हणत. तेथील गिरण्या चालविणारे हात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेले होते. एका गांवचे गडी एका खोलींत आळीपाळीनें पथारी टाकीत व खानावळींत जेवीत. कोणी दारू पिऊन मारामारी केली, तर ती वार्ता पुढें गांवीं जाणाऱ्या मनुष्याबरोबर त्याच्या आईबापांच्या कानीं पडे. शहर दूर होतें, तरी गांवाचे डोळे तेथवर पोहोंचत होते.

तो काळ निष्पाप होता असें मात्र कोणीं समजूं नये. 5 जून 1970 रोजीं परळचे आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागेंत खून झाला. दादरच्या महाविद्यालयांत शिकलेला मन्या सुर्वे दरोडे व खून यांच्या मार्गास लागला, आणि 11 जानेवारी 1982 रोजीं वडाळ्यास पोलिसांच्या गोळ्यांनीं मेला. त्यानंतर सातच दिवसांनीं, 18 जानेवारीस, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत सांपडले. संप मोडला, अनेक गिरण्या पुन्हां नीट उघडल्याच नाहींत. कित्येक बाप गांवीं परतले, आणि त्यांचे तरुण मुलगे चाळींत राहिले. त्यांतील कांहींच्या हातीं टोळ्यांनीं पिस्तूल दिलें. पुढें गिरण्यांच्या जमिनींस सोन्याचें मोल आलें, तेव्हां त्या व्यवहारांतहि टोळ्या शिरल्या. 1994 सालीं गिरणीमालक सुनीत खटाव यांस महालक्ष्मीजवळ भर रस्त्यांत गोळ्या घातल्या गेल्या. 16 जानेवारी 1997 रोजीं पवईस खुद्द डॉ. सामंत मारले गेले. मालक व कामगारांचा पुढारी, दोघांचाहि शेवट एकाच रीतीनें झाला.

यावर लोक दोन उत्तरें देतात. पहिलें असें कीं, भुकेनें हे खून करविले, मारणाऱ्याचा काय दोष? हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. अडीच लाख घरांवर तीच उपासमार आली, परंतु त्यांतील बहुतेकांनीं शस्त्र उचललें नाहीं. कोणी रस्त्यावर भाजी विकली, कोणी हमाली केली. प्रेमाताई पुरव यांनीं 1975 सालीं खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचें अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलें होतें. अशा स्त्रियांनीं पोळ्या लाटून संसार तारले. खून करणाऱ्यास भुकेच्या नांवाखालीं सोडणें म्हणजे या प्रामाणिक गरिबांचा अपमान होय. ज्याचें पाप त्याच्याच माथीं, असें यहेज्केल संदेष्टाहि 18व्या अध्यायांत शिकवितो.

दुसरें उत्तर असें कीं, असल्या माणसांस न्यायालयांत नेण्याची गरज नाहीं, जेथें सांपडतील तेथें ठार करावें. पोलिसांच्या चकमकींत गुंड पडत, तेव्हां पुष्कळ सज्जनांनींहि समाधान मानलें. परंतु गणनेच्या 35व्या अध्यायांत खुन्याचाहि प्राण एकाच साक्षीदाराच्या शब्दावर घेऊं नये असें सांगितलें आहे. 2006 सालीं मुंबईंत झालेली एक चकमक बनावट होती, असा निर्णय उच्च न्यायालयानें 2024 सालीं दिला व पोलीस अधिकाऱ्यांस जन्मठेपेची शिक्षा योग्य ठरविली. साक्षीपुराव्यावांचून मारण्याची मोकळीक एकदां दिली, म्हणजे मरणारा खरोखर अपराधी होता कीं नाहीं, हें कोण सांगणार?

मग त्या वडिलांनीं हात कां धुवावयाचे? आमच्या मतें, दोष व जबाबदारी हीं दोन निरनिराळीं आहेत. दोष मारणाऱ्याचा, परंतु तो मारणारा होण्यापूर्वीं कोणाच्या दारावरून गेला, हें विचारण्याचा देवास अधिकार आहे. आम्हीं रक्त सांडलें नाहीं, हें वाक्य आपणांपैकीं बहुतेकांस म्हणतां येईल. आम्हीं पाहिलें नाहीं, हें म्हणतांना जीभ अडखळते. गिरगांवच्या चाळींत एका खोलींतलें भांडण सबंध गॅलरीस ऐकूं जातें, तरी पोलीस आले म्हणजे कोणींच कांहीं ऐकलेलें नसतें. आपल्या वाडीवस्तींत याहून निराळें घडतें काय?

टोळ्यांच्या गोळीबाराचें तें भय मुंबईंत आतां पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. परंतु देशाच्या गुन्ह्यांचीं सरकारी कोष्टकें पाहिलीं, तर खुनाच्या कारणांत आपसांतले तंटे अग्रभागीं दिसतात, आणि स्त्रियांवरील गुन्ह्यांत नवऱ्यानें व त्याच्या नातलगांनीं केलेला छळ सर्वांत अधिक भरतो. ही हिंसा टोळीची नव्हे. ती चुलीजवळ, बांधावर, भाऊबंदकींत जन्मते. आणि तेथें आपण शेजारीच राहतों.

म्हणून उपदेशक बंधूंस व मंडळींच्या वडिलांस आमची विनंति आहे. आपल्या मंडळींतील कोणता मुलगा मुंबईस गेला, कोठें राहतो, कोणाच्या संगतींत आहे, हें लिहून ठेवा. तेथील मंडळीच्या पाळकांस त्याचें नांव कळवा. त्याचें काम सुटलें तर घरच्यांच्या आधीं तुम्हांस कळावें, इतका त्याच्याशीं जिव्हाळा ठेवा. तो हात हालवीत परत आला तर त्यास हिणवूं नका. हिणविलेला मुलगा ज्या दारीं मान मिळेल तेथें जातो, आणि टोळीवाले मान द्यावयास तयार असतात. शेजारच्या घरांतून बाईचें ओरडणें ऐकूं आलें तर दिवा घेऊन त्या दाराशीं जा, आणि साक्ष द्यावयाची वेळ आली तर खरी साक्ष द्या.

मोजण्याची दोरी आज कोणी आपल्या वेशीपर्यंत आणीत नाहीं. तरी देवापाशीं ती आहे. ती ज्या दिवशीं आपल्या गांवाशीं येऊन थांबेल, त्या दिवशीं, पाहिलें तेव्हां आम्ही उठून गेलों होतों, इतकें तरी आपणांस खरेपणानें म्हणतां यावें.