जयस्तंभ आणि हात

रायपूरच्या जयस्तंभ चौकातून आपण कधी गेला असाल, तर वाहनांच्या गर्दीत त्या स्तंभाकडे आपले लक्ष क्वचितच गेले असेल. माझेही जात नसे. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायाचा अनुवाद तपासताना मात्र तो आठवला. अमालेक्यांवरील विजयानंतर शौल कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारतो. मूळ इब्री शब्द ‘याद’. त्याचा साधा अर्थ ‘हात’. (हिंदीतल्या ‘याद’शी त्याचे नाते नाही, योगायोग तेवढा गोड.) त्याच अध्यायात परमेश्वर शौलाचे राजपद नाकारतो.

आपल्या चौकातला स्तंभ स्वातंत्र्याचा. लोक मात्र त्याला सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांच्याशी जोडतात. 1856 च्या दुष्काळात त्यांनी एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांना धान्य दिले. 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड झाला. कोणी म्हणतात याच चौकात, कोणी म्हणतात तुरुंगात. कोणी फाशी म्हणतात, कोणी तोफेच्या तोंडी. स्थळाचा हा वाद क्षुल्लक नाही. हुतात्म्याचा गौरव करताना त्याच्याविषयी अचूक बोलणे हेही आपले ऋणच आहे.

पुढे 18 जानेवारी 1858 रोजी हनुमानसिंह यांनी सार्जंट-मेजर सिडवेल याला ठार केले. ते स्वतः हाती लागले नाहीत. 22 जानेवारीला सतरा शिपाई फासावर गेले. त्या सतरांसाठी आपले मन सहज हळहळते. सिडवेलसाठी? वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा ऐकलेल्या आपणांस हा प्रश्न टाळता येईल, असे मला वाटत नाही. त्याच्यासाठी शोक करणे म्हणजे कंपनीच्या राज्याचे समर्थन करणे नव्हे.

भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनीने 1 जानेवारी 1818 च्या लढाईच्या गौरवार्थ उभारला. परंतु त्यावर मृतांची नावेही कोरली, आणि त्यांत ‘नाक’ प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे होती. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले. ज्यांना समाजाने माणूस म्हणून नाव दिले नव्हते, त्यांच्या वंशजांना तेथे आपली नावे सापडली. कंपनीचा गौरव मागे पडला. 2018 साली तेथे हिंसाचार होऊन एकाचा जीव गेला.

यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात तोच ‘याद’ पुन्हा येतो: निपुत्रिक षंढांना परमेश्वर आपल्या मंदिरात ‘हात आणि नाव’ देतो. माझ्या मसुद्यात दोन्ही ठिकाणी ‘स्मारक’ आहे. सहकारी म्हणतात, शौलासाठी ‘विजयस्तंभ’ लिहा, वाचकाला सोपे जाईल. मी अजून बदललेले नाही.