संग्रह की साठा?

नाणे जन्माला येते ते या हातातून त्या हातात फिरण्यासाठी. संग्राहक मात्र जे कधी फिरलेच नाही, ज्याची कडा झिजली नाही, त्याच नाण्याला सर्वांत जास्त दाम मोजतो. मग असे नाणे जपून ठेवणे हा संग्रह म्हणायचा की साठा?

अमेरिकेचे १८२२ सालचे पाच डॉलरचे सोन्याचे नाणे घ्या. टांकसाळीच्या दप्तरात अशी १७,७९६ नाणी नोंदलेली आहेत. आज केवळ तीन ठाऊक आहेत. बाकीची गेली कुठे? १७९२च्या कायद्याने सोन्याची किंमत पंधरापट चांदीइतकी ठरवली होती. युरोपात त्याहून जास्त चांदी मिळे. व्यापाऱ्यांनी नाणी परदेशी धाडली आणि ती मुशीत गेली. १८३४ साली नव्या नाण्यांतले सोने कमी केल्यावर जुनी वितळवण्यात तर सरळ नफाच होता. उरलेल्या तिघांपैकी एक २०२१ साली ८४ लाख डॉलरला विकले गेले. त्यात सोने जेमतेम आठ ग्रॅम! म्हणजे ही किंमत सोन्याची नव्हे, नाहीशा झालेल्या भावंडांची आहे.

१९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना शंभर डॉलरहून अधिकचे सोने सरकारजमा करायला लावले. भाव मिळाला औंसाला २०.६७ डॉलर; पुढच्याच वर्षी सरकारने तो ३५ केला. दुर्मिळ नाण्यांना मात्र हुकुमातूनच सूट होती. कष्टकऱ्याची पुंजी तो साठा, आणि श्रीमंताचा तो संग्रह? हा सवाल टाळता येत नाही.

माझ्या मते संग्राहकाला ही सूट फुकट मिळालेली नाही. तिच्यासोबत जबाबदारी येते. मुशीतून वाचलेली वस्तू तो जपतो, तिची ओळख पटवतो, इतिहास नोंदवतो. त्याची मालकी ही खरे तर अमानत आहे. जोसाया लिली यांचा सहा हजारांहून अधिक सोन्याच्या नाण्यांचा संग्रह त्यांच्यामागे १९६८ साली स्मिथसोनियन संग्रहालयात गेला. वारसांना करात मोठी सवलत मिळाली, तेव्हा हे निव्वळ दान नव्हते. तरीही १८२२चे एक नाणे त्यामुळे सर्वांचे झाले.

तिजोरीत कुलूपबंद राहून केवळ भाव वाढण्याची वाट पाहणारे नाणे कितीही दुर्मिळ असो, तो साठाच. ज्यातून दुसऱ्याच्या ज्ञानात भर पडते, तो संग्रह. धातू एकच, फरक आहे तो नियतीचा नव्हे, नियतचा.