घरातला हिशेब आणि मुलांचे शील



गेल्या वर्षीची गोष्ट. महिनाअखेर होती. किराणा दुकानदार उधारी मागायला दारात आला. मी आतल्या खोलीतून माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला हळूच म्हटले, "सांग, बाबा घरी नाहीत." तिने तसे सांगितले. आठ दिवसांनी वहीसाठी दिलेल्या पैशांचा तिने खाऊ खाल्ला आणि मला म्हणाली, "दुकान बंद होतं." मी हात उगारला, पण तोच मला तो दिवस आठवला आणि हात खाली आला. आमच्या घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हणतात. चौथे शील तिने माझ्याच तोंडून पाठ केले, आणि ते मोडायलाही ती माझ्याकडूनच शिकली!

शाळेत मी मुलांना सरळव्याज शिकवतो. परंतु पैशाचा खरा धडा मुले घरातच गिरवतात. तेथे फळा नसतो, आई-बापांचे वागणेच असते.

भगवान बुद्धांनी राजगृहात सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला उपदेश केला. त्यात त्यांनी संपत्तीचाही विचार सांगितला. मिळकतीचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. दारू, जुगार, कुसंगती, आळस ही धननाशाची द्वारे म्हणून दाखवली. त्याच उपदेशात मुलांना पापापासून आवरणे व सन्मार्गाला लावणे हे आई-बापांचे कर्तव्य म्हटले आहे. ज्याच्या स्वतःच्या हातात पत्ते आहेत, तो मुलाला कसा आवरणार?

सुभेदार रामजींचे पेन्शन ५० रुपये होते. भीमरावांच्या पुस्तकासाठी पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती येताच तो सोडवून परत करीत. कर्ज त्यांनीही काढले. पण ते कशासाठी काढले आणि कसे फेडले, हे घरात सर्वांना दिसत होते.

आपण काय दाखवतो? १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण देव्हारे काढले, नवसाचे बकरे बंद केले. पण लग्नातला बँड आणि मांडव अजून कर्ज काढूनच होतो, आणि त्याचे हप्ते मुलांच्या फीमधून जातात. मग धम्म घेऊन काय पालटले?

म्हणून पगाराच्या किंवा मजुरीच्या दिवशी मुलांना जवळ बसवा. किती आले, किती देणे आहे, किती शिल्लक टाकायचे, हे त्यांच्यासमोर वहीत लिहा. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते; ते उघडून द्या. विहाराच्या दानपेटीत टाकायचा रुपया त्यांच्या हाताने टाकू द्या.

त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन दुकानात गेलो. "त्या दिवशी मी घरातच होतो," असे तिच्यादेखत सांगितले आणि उधारीचे चार हप्ते ठरवले. मान खाली गेली होती. शेवटचा हप्ता मात्र मुलीने स्वतः मोजून दिला आणि घरी येऊन वहीत लिहिले : देणे नाही.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.