पाय आधी पाण्यात

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे गेला आणि त्यांची धुरा यहोशवाच्या खांद्यावर आली. समोर यार्देन नदी, नदीपलीकडे कनान देश. जिथं तुमचं पाऊल पडेल ती जमीन तुमची, मी तुझ्या सोबत आहे, असं परमेश्वरानं त्याला सांगितलं होतं. वचन देवाचं होतं, पाऊल मात्र लोकांनीच टाकायचं होतं.

दिवस सुगीचे होते. त्या दिवसांत यार्देन दोन्ही काठ भरून वाहते. लेकरंबाळं, गुरंढोरं, तंबूंची ओझी घेऊन सगळा समाज काठावर येऊन थांबला. त्यांच्या बापजाद्यांनी तांबडा समुद्र ओलांडला तेव्हा पाणी आधी दुभंगलं होतं, लोक मागाहून कोरड्या वाटेनं चालले होते. या वेळी तसं घडलं नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पवित्र पेटी, खांद्यावर घेतलेल्या याजकांना आज्ञा झाली, की आधी तुम्ही पाण्यात उतरा.

पाणी तर धो धो वाहतच होतं. कोशाचे दांडे खांद्यावर रुतलेले, हात गुंतलेले, तोल गेला तर सावरायला काही नाही. अशा स्थितीत त्यांनी काठ सोडला. त्यांचे तळवे भिजले आणि मगच तिकडं वरच्या अंगाला, आदाम नावाच्या गावापाशी, प्रवाह थांबला. शेवटचा माणूस पार होईपर्यंत याजक पात्राच्या मधोमध उभे होते. मग बारा कुळांच्या बारा जणांनी पात्रातला एकेक धोंडा खांद्यावर उचलून आणला आणि गिलगाल नावाच्या ठिकाणी ते बारा धोंडे उभे केले. पुढं पोरं विचारतील हे धोंडे कशाचे, तेव्हा त्यांना सांगता यावं म्हणून.

गिलगाललाच आणखी एक गोष्ट घडली. रानात चाळीस वर्षं त्यांना मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळत आला होता. नांगरायला नको, पेरायला नको. नव्या देशातलं धान्य त्यांनी खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. देव रुसला नव्हता. पायाखाली जमीन आली होती, आता ती कसायची होती.

यरीहो शहराजवळ यहोशवाला उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसला. तू आमच्याकडचा की शत्रूकडचा, असं यहोशवानं विचारलं. त्यानं दोन्ही नाकारलं. मी परमेश्वराच्या सेनेचा सरदार म्हणून आलो आहे, एवढंच तो म्हणाला. यहोशवानं जमिनीवर पालथं पडून नमन केलं आणि पायातले जोडे काढले. देव कुणाच्या पदरचा शिपाई नसतो, हे यहोशवाला लढाईच्या आधीच कळलं. या जुन्या युद्धकथा वाचून शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यानं हा प्रसंग पुन्हा वाचावा.

यरीहोची तटबंदी सात दिवस प्रदक्षिणा घातल्यावर कोसळली. मग आय नावाचं लहानसं गाव लागलं. हेर म्हणाले, एवढ्याशा गावासाठी सगळ्यांना कशाला शिणवायचं, दोन-तीन हजार माणसं पुरेत. देवाला कुणी विचारलं नाही. तीन हजार गेले आणि मार खाऊन पळत आले, छत्तीस जण कायमचे गेले. यहोशवा कोशापुढं संध्याकाळपर्यंत पालथा पडून राहिला. देवानं त्याला जवळ घेऊन कुरवाळलं नाही. ऊठ, असा पडून काय राहिलास, असं विचारलं. कारण चोरी घरातच झाली होती. आखान नावाच्या माणसानं लुटीतला एक झगा, चांदी आणि सोन्याची वीट आपल्या तंबूत पुरून ठेवली होती. आधी ते निस्तरावं लागलं. मग पुन्हा जायची आज्ञा झाली. पण या खेपेला तट आपोआप पडले नाहीत. रात्रभर गावामागं दबा धरावा लागला, पळाल्याचं सोंग करावं लागलं, नेमक्या वेळी इशारा द्यावा लागला. देवाची सोबत तीच होती, घाम मात्र जास्त गाळावा लागला.

पुढं जमिनीची वाटणी झाली तेव्हा योसेफाचे वंशज कुरकुरत आले. आम्ही इतके सारे आणि वाटा एवढासा! यहोशवा योसेफाच्याच एफ्राईम कुळातला, म्हणजे त्यांचाच भाऊबंद. तरी त्यानं दुसऱ्याच्या वाट्यातलं काढून त्यांना दिलं नाही. एवढे जण आहात तर डोंगरावरच्या रानात चढा आणि झाडं तोडून आपली जमीन आपण तयार करा, असं त्यानं बजावलं.

भरलेलं पाणी आणि मांडलेले धोंडे नागपूरच्या इतिहासातही आहेत. स्कॉटलंडचे पाद्री स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथं आले, तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. देवावर भरवसा ठेवणारा हा माणूस हातांनीही अखंड काम करत राहिला. 1846 मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. खडकांतले जीवाश्म गोळा केले, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहायला गेले. परतताना अंधार झाला होता आणि बोरी गावाजवळ पूर आला होता. त्यांचा घोडा पाण्यात उतरला. प्रवाह थांबला नाही. हिस्लॉप बुडाले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

मग देव यहोशवासोबत होता आणि हिस्लॉपसोबत नव्हता, असं म्हणायचं का? तसं म्हटलं तर मोशेचं काय? चाळीस वर्षं लोकांना चालवणाऱ्या मोशेनं तो देश नबो पर्वतावरून नुसता डोळ्यांनी पाहिला आणि तिथंच देह ठेवला. यहोशवाही म्हातारा झाला तेव्हा बरीच जमीन घ्यायची राहिलीच होती. देवाची सोबत पाणी थांबलं की नाही यावर मोजता येत नाही. कामाला वारस मिळाला का, हे पाहावं. हिस्लॉप यांची गोंडांवरची टिपणं इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापून आणली. 1883 मध्ये हिस्लॉप यांच्या नावानं कॉलेज निघालं. सिव्हिल लाइन्समधल्या त्या हिस्लॉप कॉलेजात आजही पोरं शिकत आहेत.

आणि एक सांगायलाच हवं. पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणं ही श्रद्धा नव्हे. याजक आज्ञा झाली म्हणून उतरले होते. न विचारता धावणाऱ्यांचं काय झालं, ते आयच्या वेशीवर दिसलंच.

तात्पर्य: असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणत काठावर बसणाऱ्याची नदी कधी ओसरत नाही. आणि देवाला न विचारता, आपल्या तंबूत काय पुरलं आहे ते न तपासता निघणाऱ्याला लहानसं गावही जड जातं. प्रयत्नांती परमेश्वर, असं आपण म्हणतो. यहोशवाच्या गोष्टीत परमेश्वर प्रयत्नाच्या आधीही आहे, प्रयत्नातही आहे आणि प्रयत्न अपुरा राहिला तरी त्यानंतरही आहे. म्हणून बाबांनो, सकाळी हात जोडा, मन साफ करा आणि तेच हात कामाला लावा. जे आपल्या हातून पुरं होणार नाही, ते पुढच्याच्या हाती नीट सोपवा.