उताराची शाळा

हडपसरला बर्फ पडत नाही, पण औली-गुलमर्गला स्कीइंग शिकून आलेलं कुणी शेजारी भेटलं तर जरूर बोलतं करा. आपल्याला वेगाचे किस्से हवे असतात. ते मात्र पडण्याबद्दलच बोलतात. स्कीची टोकं आत वळवून वेग कसा आवरायचा, उताराला आडवं राहून उठायचं कसं! मग विषय सोबत्यांवर येतो. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे 10 गिर्यारोहक 2019 मध्ये कांचनजुंगावर पोहोचले. एकट्यादुकट्याचं ते कामच नव्हे. आपल्या दिवे घाटाची उंची ती काय! तरी रविवारी सायकलवर तो चढणारे बघा. दमदार गडी आधी वर पोहोचतो आणि मागच्यांसाठी थांबतो. चहा सगळे आल्यावरच.