हौदाचा तळ

नरक चतुर्दशीची पहाट झाली की आमच्या उदगीरच्या घरी बंब पेटतो. उटण्याचा वास, अंगणात कोंडलेला धूर आणि पहिली अंघोळ कोणाची यावरून नातवंडांची भांडणे. हे सारे तुमच्याही घरी असेलच. मीही हौसेने तेल लावून घेतो आणि पाटावर बसतो. पण गेली काही वर्षे पहिला तांब्या अंगावर ओतला की दुसरा भरून घेताना हात थबकतो. सणाच्या दिवसांत मनाला लागलेली गोष्ट काढू नये, हे मला कळते. तरीही एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो. प्रश्न माझा नाही. नववीतल्या एका मुलीचा आहे. तिला मी त्याचे चुकीचे उत्तर दिले होते.

2015 च्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा एका हायस्कुलात शिकवत होतो. मुलांनी आपला मुलूख पायांनी पाहावा, ही माझी जुनी हौस. उदगीरच्या मुलांना किल्ला तोंडपाठ असतो. 1760 साली सदाशिवरावभाऊने निजामाला इथे नमवले, हे ती झोपेतही सांगतील. हत्तीबेटावरही ती जाऊन आलेली असतात. पण पूर्वेकडे बालाघाटचे डोंगर उतरत जातात, तो माळ त्यांनी एस. टी.च्या खिडकीतूनच पाहिलेला. म्हणून ठरवले, मुखेडपर्यंत गाडीने जायचे, पुढे कंधारपर्यंत पायी, आणि रात्री तंबूत काढायच्या. छत्तीस मुलेमुली, एक बाई आणि मी.

पावसाने दगा दिलेले ते वर्ष. काळा दगड, वाळलेले कुसळी गवत, पळसाची विरळ झाडे, आणि क्षितिजापर्यंत दुसरे काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगा हात पसरून ओरडला, "सर, इथं तर कुणीच नाही!" मला त्या वाक्याचे मोठे कौतुक वाटले. याचसाठी तर आलो होतो.

संध्याकाळी एका तांड्याच्या खालच्या अंगाला मुक्काम टाकला. तांड्याच्या नाईकाला विचारून तंबूंची जागा घेतली. त्याने मोकळ्या मनाने हो म्हटले. वाटेच्या कडेला सिमेंटचा हौद होता. त्यावर पत्रा झाकलेला, पत्र्यावर धोंडा. मी धोंडा बाजूला केला, पत्रा सरकवला. आत पाणी पाहताच मुलांना उधाण आले. हातपाय, तोंडे, मोजे, रुमाल सारे धुऊन झाले. खिचडी झाली. खिचडीचे पातेले घासण्यातच चार बादल्या गेल्या. मी चुलीशी बसून ते हसणे-खिदळणे ऐकत होतो. शिक्षकाच्या आयुष्यात अशा संध्याकाळी फार येत नाहीत.

उजाडताना घागरी घेऊन तांड्यातल्या बाया आल्या. पुढे एक म्हातारी होती. सगळे तिला याडी म्हणत. तिने हौदात वाकून पाहिले. तळ दिसत होता. ती आमच्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. तिने सुनेला आपल्या गोरमाटी बोलीत दोन शब्द सांगितले, आणि त्या बाया रिकाम्या घागरी घेऊन नाल्याच्या दिशेने उतरू लागल्या. एका पोराकडून कळले की टँकर तीन दिवसांनी येतो, कालच येऊन गेला, आणि नाल्यातली विहीर तासाभराच्या वाटेवर आहे.

थोड्या वेळाने याडी परत आली. हातात चहाची किटली होती.

"घ्या गुर्जी. लेकरायला बी द्या, थंडी हाय."

तो चहा मला पिववेना आणि नको म्हणण्याचे धैर्यही होईना. मी खिशात हात घातला, तेव्हा तिने नुसती मान हलवली. ती गेल्यावर मी मुलांना काय घडले ते सांगितले. सगळे गप्प झाले. मग एका मुलीने विचारले, "पण सर, आम्हांला माहीतच नव्हतं. मग आमचं चुकलं का?"

मी लगेच म्हणालो, "नाही गं. माहीत नव्हतं, तर चूक कशी होईल?"

तिचे समाधान झाले. खरे तर माझेच झाले. त्या दिवशी आम्ही कंधारचा रस्ता सोडला आणि पातेली, बादल्या, डबे घेऊन विहिरीच्या वाटेला लागलो. दुपार टळेपर्यंत मुलांनी खेपा घातल्या. हौदात पाणी चढले ते जेमतेम वीतभर. भरलेली घागर किती जड असते, ते त्या दिवशी छत्तीस खांद्यांना कळले. दुसऱ्या दिवशी कंधारला पोचलो. किल्ल्याचा पाण्याचा खंदक आणि राष्ट्रकूटांच्या काळातला तो जगत्तुंग सागर पाहून मुले एरवी नाचली असती. त्या दिवशी ती काठावर नुसती उभी राहिली.

पुढे मला माझे उत्तर छळू लागले. श्रावणबाळाची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! रात्रीची वेळ, नदीत घागर बुडण्याचा आवाज, दशरथाला वाटले हत्ती पाणी पितो आहे, आणि त्याने बाण सोडला. त्यालाही माहीत नव्हते. तो रडला, पाया पडला. तरी शाप टळला नाही. लहानपणी मला हा अन्याय वाटे. आता वाटते, दशरथाला शाप भोवला तो न दिसण्याबद्दल नव्हे. दिसत नसताना बाण सोडता येतो, या अभिमानाबद्दल भोवला. अंधार त्याच्या हातचा नव्हता, धनुष्य होते.

आणि आमचा अंधार तरी खरा होता का? हौदावर पत्रा होता, पत्र्यावर धोंडा होता. ज्याला पाण्याची ददात नाही, तो हौद असा झाकून ठेवत नाही. तो धोंडा माझ्याशी बोलत होता. मी त्याला उचलून बाजूला ठेवले. नाईकाला मी जागेबद्दल विचारले, कारण जागा मिळणार हे ठाऊक होते. पाण्याबद्दल विचारले नाही. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते.

म्हणजे अज्ञान दोन जातींचे असते. एक आपल्यावर येऊन पडते; त्याबद्दल कोणाला दोष देऊ नये. दुसरे आपण सोयीसाठी पाळतो. त्याला दाणापाणी आपणच घालतो आणि वेळ आली की त्याच्याआड लपतो. वाचक म्हणतील, मास्तर, प्रत्येक पाऊल विचारून टाकायचे ठरवले तर माणूस घराबाहेर तरी पडेल का? खरे आहे. वारा खाताना, चांदणे पाहताना कोणाला विचारायचे? पण जे घेतल्याने दुसऱ्याचे कमी होते, तिथे न विचारणे हा निरागसपणा नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी ऑस्ट्रेलियात शिक्षक आहे. तिथल्या हायस्कुलांच्या सहलीही तंबू घेऊन वाळवंटी मुलखात जातात. त्या देशाच्या मध्यभागी उलुरू नावाचा एक अफाट तांबडा खडक आहे. तो तिथल्या अनंगू लोकांना पवित्र. प्रवासी हौसेने त्यावर चढत. 'कृपा करून चढू नका' अशी पाटी पायथ्याशी लागली, तरी चढत. अखेर 26 ऑक्टोबर 2019 पासून चढण्यास बंदी झाली. पाटीपूर्वी चढणाऱ्यांना मी क्षमा करीन. पाटी वाचून चढणाऱ्यांना काय म्हणावे? आणि माझा धोंडा पाटीहून किती वेगळा होता?

त्या सहलीनंतर चारच महिन्यांनी, 2016 च्या एप्रिलात, आमच्या जिल्ह्याचे लातूर शहरच रिकामी घागर घेऊन उभे राहिले. मांजरा धरण आटले होते. मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, त्यांत पाच लाख लिटर पाणी. फलाटावर गर्दी लोटली, गाडीचे स्वागत झाले. मला मात्र वाटत राहिले, जिथून हे पाणी निघाले तिथल्या कोणाला तरी आपण विचारूनच ते घेतले आहे. तांड्यावर आम्ही तेवढेही केले नव्हते.

मी आता निवृत्त आहे. तरुण शिक्षक सहलीच्या सामानाची यादी दाखवायला आणतात. तंबू, दोऱ्या, विजेऱ्या, औषधांची पेटी, सारे काही असते. मी सर्वांत वर एक ओळ लिहून देतो, 'पाणी कोणाचे, हे विचारणे.' काही जण हसतात, पण लिहून घेतात.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. कदाचित तिच्याही घरी या दिवाळीत बंब तापला असेल. हा अंक तिच्या हाती पडला, तर तिने आपल्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर वाचावे. चुकले होते, बाळ. धोंडा मी उचलला, म्हणून आधी माझे. आणि तुमचे, थोडेसेच, पण चुकले होते.